दाढेतलं बिऱ्हाड

रागावलेल्या बायका माहेरी जातात. शलाकाचं माहेर पडलं चंद्रपूरला, आणि ऐन मे महिन्यात सांगलीहून तिकडं जायला तिकीट मिळेना, म्हणून ती श्रीरंगच्या खालच्या उजव्या दाढेत राहायला गेली.

श्रीरंगला हे दात घासताना कळलं. ब्रश मागं नेला तसा आतून आवाज आला, "जरा हळू. भांडी लावतेय."

त्यानं चूळ भरायला घेतलेलं पाणी तसंच हातात धरलं आणि मग बेसिनमध्ये सोडून दिलं. बायको आत असताना चूळ भरणं बरं दिसलं नसतं.

"कधी गेलीस?"

"मघाशी. तू घोरत होतास, तोंड उघडंच होतं."

"सामान?"

"चाकांची बॅग, लॅपटॉप आणि छोटा मिक्सर. मोठा आईंना राहू दे."

"परत कधी येणार?"

"तू आईंशी बोललास की."

"बोलतो," श्रीरंग म्हणाला.

"बोल. मी कुठं जात नाही."

दाढ बरेच दिवस खराब होती. भडंग खाताना एक कडक शेंगदाणा नको तिथं आला होता आणि दाढेचा कोपरा उडून गेला होता. शलाका रोज म्हणायची, डॉक्टरला दाखव. श्रीरंग म्हणायचा, दाखवतो. शलाका म्हणायची, आईंशी बोल. श्रीरंग म्हणायचा, बोलतो. ही दोन्ही कामं त्यानं मनातल्या एकाच खणात ठेवली होती, आणि तो खण फुगून बसला होता.

आईशी बोलायचं होतं ते काही फार मोठं नव्हतं. घर म्हणजे बाहेरची एक खोली आणि आत स्वयंपाकघर. बाहेर आई आणि दत्तूमामा, आत नवरा-बायको, मध्ये मोरांचा पडदा. दत्तूमामा हा आईचा धाकटा भाऊ. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस म्हणून आला होता. ऑपरेशन उत्तम झालं. दिसायला लागलं म्हणून टीव्ही बघू लागला, आणि टीव्ही काही संपेना म्हणून राहिला. त्याला स्वयंपाकाच्या स्पर्धा आवडायच्या. शलाका लॅपटॉपवरून बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची. ती घर्षण समजावून सांगत असताना मोरांच्या पलीकडं कुणीतरी मोठ्यानं बासुंदी आटवत असे. पोरं विचारायची, मॅडम, किती लिटर दूध?

शेजारच्या गल्लीत एक खोली भाड्यानं मिळत होती. जेवायला इकडं यायचं, राहायला तिकडं. आईला एवढंच सांगायचं होतं. श्रीरंग फरशीच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांना 'ही घ्या, ती घसरते' असं ठणकावून सांगायचा, आणि घरी आला की पडद्यावरचे मोर मोजत बसायचा.

पहिले काही दिवस मात्र बरे गेले, खोटं कशाला बोला. लग्न झाल्यापासून दोघांना पहिल्यांदाच एकांत मिळाला होता, फक्त त्यातला एक जण बाहेर होता. श्रीरंग पांघरुणात तोंड मिटून पडायचा आणि ती आतून बोलत राहायची. कुणाला ऐकू जायचं नाही. तिचा वर्ग असला की त्याला खिडकीशी आ करून बसावं लागे, कारण तोंड मिटलं की नेटवर्क जायचं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हो, उकडतंय का?" त्यानं मानेनंच हो म्हटलं. तिच्या पोरांचे मार्क वाढले.

मग ती पसरायला लागली. आधी एकच खोली होती, तिला तिनं स्वयंपाकघर काढलं, मग न्हाणीघर. दाढेला मुळं दोन. पुढच्या मुळात पायऱ्या करून तिनं खाली वर्ग थाटला. मागचं मूळ रिकामं ठेवलं, पण झाडून घेतलं.

दुखायला लागलं ते तेव्हापासून. म्हणजे तिनं मुद्दाम काही केलं नाही. बाई घरात वावरणार, बादल्या उचलणार, पायऱ्या चढणार. पण ती चालली की श्रीरंगच्या कानापर्यंत कळ जायची. त्याला बसवेना. बसला की ठणका, आडवा झाला की ठणका, चालत राहिलं की जरा कमी. म्हणून तो चालायला लागला. दुकानात फरशीच्या ढिगांमधून फिरायचा, गिऱ्हाईक मागं मागं. जेवणाच्या सुट्टीत कृष्णेच्या घाटावर जाऊन यायचा, तिथून एस.टी. स्टँड, तिथून पुन्हा दुकान. डावीकडून चार घास खायचा तेही उभ्यानं. मालक म्हणाले, "गाल कशानं सुजलाय रे?"

"पाहुणे आलेत," श्रीरंग म्हणाला.

"जातील की," मालक म्हणाले.

चहा तो गार करून प्यायला लागला. एकदा विसरून गरम घोट घेतला, तर आतून शांतपणे आवाज आला, "गादीवर आला. मी आता कुठं झोपू ते सांग." त्यानं चहा सोडला.

घर आटतंय हे त्यालाच आधी दिसलं, फरशीच्या दुकानातला माणूस म्हणून. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक आख्खी फरशी होती, ती एके दिवशी अर्धी दिसली. कुणी कापलेली नव्हती, भिंतच पुढं आली होती. त्यानं दाढेत विचारलं, "आज काही केलंस का?"

"गॅलरी काढली," शलाका म्हणाली. "छोटीशीच. तुळशीपुरती."

हिशेब सरळ होता. आत जेवढी जागा वाढायची तेवढी घरातली कमी व्हायची. फ्रीजचं दार अर्धंच उघडायला लागलं, दुधाचं पातेलं तिरकं करून काढावं लागे. दत्तूमामाचे पाय उंबऱ्याच्या बाहेर यायला लागले. जिन्यातून जाणारे लोक ते ओलांडून जायचे आणि सवयीनं नमस्कारही करायचे. टीव्ही मात्र होता तेवढाच राहिला. त्यामुळं मामाला तो मोठा झाल्यासारखा वाटे, आणि त्याची काही तक्रार नव्हती.

"घर आटलं की रे," आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली.

"हो," श्रीरंग म्हणाला.

"दाढ दाखवून ये जा."

डॉक्टर आरवाडेबाईंचा दवाखाना मार्केट यार्डाच्या अलीकडं. बाई तरुण होत्या आणि त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला. राखाडी दाढेत छोट्या छोट्या खोल्या, एक जिना, दोरीवर वाळत घातलेला पंचा आणि केसांचा बुचडा बांधलेली एक बाई दिसत होती. बाईनं वर बघून हात केला. आरवाडेबाईंनीही हात केला.

"राहतंय कुणीतरी," त्या म्हणाल्या.

"बायको आहे."

"मग ठीक आहे. लोक अक्कलदाढेत सासरे घेऊन येतात." त्यांनी दिवा बाजूला सारला. "दोन मार्ग आहेत. एक, रूट कॅनल. आतलं सगळं रिकामं करायचं, मुळापर्यंत साफ करायचं, मसाला भरायचा, वर टोपी बसवायची. दाढ तुमच्या तोंडात राहते आणि दुखत नाही. पण नंतर त्यात कुणाला राहता येत नाही. हवासुद्धा नाही राहत."

"आणि ही?"

"यांना त्याआधी बाहेर यावं लागेल. घरी."

"दुसरा?"

"दाढ काढायची. राहणाऱ्यासकट जाते. ती आम्ही तुमच्या हातात देतो, पुढं तुमचं तुम्ही बघायचं."

श्रीरंग खुर्चीत आडवा होता, पण त्याचे पाय चालत होते. "आणि नाहीच काही केलं तर?"

बाईंनी पडद्याकडं पाहिलं. मुळाशी, जिन्याच्या खाली, एक काळसर डाग होता. "इथं ओल धरलीय. पू होईल. मग त्यांनाही तिथं राहता येणार नाही आणि तुम्हालाही." ओल कुठपर्यंत चढेल हे त्यांनी बोट वर नेत नेत दाखवलं. बोट शलाकाच्या बिछान्यापाशी थांबलं. "शनिवारी या. आणि ठरवून या. घरच्यांनी काय ठरवलं ते मला चालत नाही. तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं."

बाहेर रस्त्यावर आल्यावर शलाका म्हणाली, "ऐकलं मी. काढून टाक."

"म्हणजे तू जाणार."

"आपण जाणार. असं बघ, आत्ता तुला आत येता येत नाही, कारण दाढ तुझ्याच तोंडात आहे. स्वतःच्या तोंडात माणसाला जाता येत नाही, हे साधं फिजिक्स आहे. एकदा बाहेर आली की तू येऊ शकतोस. त्या गल्लीतल्या खोलीतही जायला नको. कुठल्याही कोनाड्यात ठेवली तरी आपण दोघं मावतो. मागचं मूळ तुझ्यासाठीच ठेवलंय."

"आणि ओल?"

"बाहेर आल्यावर उन्हात वाळेल."

"बरं," श्रीरंग म्हणाला.

"बरं म्हणजे काय? काढणार का?"

श्रीरंग चालत राहिला. तो पार हरभट रोडच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं काही काम नसल्यानं परत फिरला. कॅनल केला तर शलाका मोरांच्या पडद्यामागं येणार, आणि आतली जागा कायमची बुजणार. काढली तर आई आणि मामा इकडं, ती दोघं तिकडं, आणि हे आईला सांगणार कोण, तर तो. त्याला ठणकाच बरा वाटला. निदान ठणक्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

घरी आईनं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

त्यानं दोन्ही मार्ग सांगितले. पुढचं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "काढायची नाही. दात काढला की नजर जाते."

"माझी बघ," दत्तूमामा म्हणाला, "मी एकही काढला नाही."

"तुझे सगळे पडले."

"पडले. काढले नाहीत."

आईनं ठरवलं की सुनेची समजूत काढायची, तिला बाहेर बोलवायचं आणि मग तो कॅनल की काय तो करून घ्यायचा. घर तोवर इतकं आटलं होतं की तिघांना एका वेळी बसायचं तर एकच तऱ्हा उरली होती. आईनं भिंतीला टेकून मांडी घातली, श्रीरंगनं तिच्या मांडीवर डोकं ठेवून आ केला, आणि मामा मोबाईलचा टॉर्च घेऊन वरून वाकला.

"सूनबाई, मी दत्तूमामा बोलतोय."

"ओळखलं, मामा. आधी टीव्ही बंद करा ना."

मामानं आवाज कमी केला. बंद केला नाही, पुरणपोळीचा निकाल लागायचा होता. "हे बघ पोरी, असं घर सोडून जाणं शोभतं का?"

"सोडलं कुठं? नवऱ्याच्या घरातच आहे. उलट जास्तच आत आहे."

मामाला हे पटलं. तो बहिणीकडं बघायला लागला. "अक्का, बरोबर बोलतीय की ती."

"तू टॉर्च धर नीट," आई म्हणाली. मग खाली वाकून, "शलाका, पोराला चार घास गिळता येईनात गं. बाहेर ये. काय असेल ते बोलून मिटवू."

"त्यालाच विचारा, आई. त्याला काय पाहिजे ते."

दोघांनी श्रीरंगकडं पाहिलं. त्याला सांगायचं होतं. पण बोलायला तोंड हलवलं असतं तर आतली भांडी पडली असती, आणि शिवाय सगळे त्याच्या तोंडातच बघत होते, तोंडाकडं कुणी बघत नव्हतं. त्यानं नुसते डोळे हलवले.

"लहानपणापासून असाच आहे," आई म्हणाली. "भूक लागली तरी सांगायचा नाही. मीच ओळखायची." तिनं त्याच्या सुजलेल्या गालावर हात ठेवला. मग मामाच्या हातातून टॉर्च घेतला आणि जरा वेळ आत बघत राहिली.

"ऊन येतं का गं तिथं?"

"तो हसला की येतं."

"म्हणजे नाहीच."

"तसं कमीच येतं."

"ओटा केवढा केलास?"

"माझ्या कमरेएवढा."

आईनं टॉर्च किंचित डावीकडं नेला. "आपल्या घरातला माझ्या छातीला लागतो. लग्न होऊन आले तशी मी पाटावर उभी राहून भाकऱ्या थापतीय. ओटा बांधताना सासऱ्यांनी गवंड्याला आपली उंची सांगितली. जन्मात चहा केला नाही त्यांनी." तिनं टॉर्च जरा पुढं नेला. "दाराला कडी आहे?"

"आहे."

"कुठून?"

"आतून."

"आतून," आई म्हणाली, आणि टॉर्च त्या कडीवरच धरून ठेवला. टीव्हीवर कुणीतरी जिंकलं. मामानं टाळ्या वाजवल्या. श्रीरंगचा जबडा दुखायला लागला होता, पण मिटायचा कसा, आई अजून बघत होती.

शनिवार उजाडला तेव्हा बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला वळायचीसुद्धा जागा नव्हती, ज्या तोंडानं आत गेलं त्याच तोंडानं उलटं बाहेर यावं लागे. आईनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली आणि ताट केलं. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकू.

"हे कशाला?" श्रीरंग म्हणाला.

"घरातून सवाशीण बाहेर पडतीय. रिकामी पाठवायची व्हय? आ कर."

श्रीरंगनं आ केला. आईनं बोटानं कुंकू आत लावलं. मग ओंजळीनं तांदूळ सोडले. मग खण, मग नारळ. नारळ कसा गेला हे विचारायची ती वेळ नव्हती. आत शलाकानं पदर पसरल्याचं त्याला हिरडीवर कळलं. तिनं रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे परत केले, ते जिभेवर आले, आणि आईनं ते तिथून उचलून ताटात ठेवले. मग आईचा हात पुन्हा आत गेला, कोपरापर्यंत, आणि तिथंच राहिला. भिंतीवरून फिरला. कमरेएवढ्या ओट्याच्या कडेवरून फिरला. श्रीरंगच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात निघेना.

"अक्का," मामा उंबऱ्यातून म्हणाला, "ओटी भरलीस?"

"भरली की."

"ओटी भरली म्हणजे पाठवणी झाली. आता कॅनल कसला करतीस? पाठवलेल्या बाईला दोन तासांनी घरात घेणार व्हय?"

आईनं हात बाहेर काढला. ती ताटाकडं बघत राहिली. अर्धा जन्म तिनं लोकांच्या सुना-लेकींच्या ओट्या भरल्या होत्या. निघणारी बाई दिसली की तिचा हात तांदळाकडं जायचाच. सुनेला घरात ठेवून घ्यायला निघालेल्या बाईनं तिला वाटेला लावून टाकलं होतं.

"हात गेला सवयीनं," ती म्हणाली.

"परत घे मग."

"ओटी परत घेतात का कुठं?"

मामाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. श्रीरंगला वाटलं, झालं, ठरलं, आपल्याला काही बोलायला नको. त्याला इतकं हलकं वाटलं की ठणका दोन मिनिटं थांबला. मग शलाका आतून म्हणाली, "ओटीचं ओटीपाशी, श्रीरंग. डॉक्टरबाई तुलाच विचारणार आहेत," आणि ठणका परत आला.

दत्तूमामा घरीच राहिला, कारण दार आता त्याच्यापेक्षा अरुंद झालं होतं. श्रीरंग आणि आई अंग चोरून बाहेर पडले. रिक्षात खड्डा आला की आत कपबशा वाजत.

आरवाडेबाईंनी इंजेक्शन दिलं. अर्धा चेहरा आधी गार झाला आणि मग नाहीसाच झाला. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. एक्स-रे अजून पडद्यावर होता. ओल आता जिन्याच्या वरच्या पायरीला लागली होती आणि शलाका बिछाना गुंडाळून खांद्यावर घेऊन उभी होती.

"ठरलं?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर, त्याचं काय झालं—" आई म्हणाली.

"तुम्ही नाही. यांनी."

श्रीरंगचे पाय खुर्चीतल्या खुर्चीत चालायला लागले, घाटावर गेले, स्टँडवर गेले, परत आले. त्यानं मोर शोधले, इथं मोर नव्हते. त्यानं आईकडं पाहिलं. वाटलं, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल, नेहमी दिसतं तसं, आणि त्याप्रमाणे बोलता येईल. पण आई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती पडद्यावरच्या खोल्या बघत होती.

"काढा," श्रीरंग म्हणाला.

आवाज काही मोठा नव्हता. पण तो त्याचाच होता, आणि आतल्या बाईनं खांद्यावरचा बिछाना खाली ठेवला.

"नक्की?"

"काढा. आणि आई, आम्ही दोघं वेगळं राहणार आहोत. त्यातच. मी बोलणार होतो."

"बोललास की," आई म्हणाली. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं डॉक्टरबाईंना विचारलं, "काढल्यावर तिथं काय राहतं हो?"

"खड्डा."

"केवढा?"

"मुळांएवढा. हळूहळू भरून येतो."

"आणि तोवर?"

"तोवर रिकामा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पकड उचलली.

"धरून बस गं," श्रीरंग म्हणाला. आतून कशाला तरी दोरी आवळल्याचा आवाज आला. मग बाईंनी दाढ एकदा आत दाबली, एकदा बाहेर वळवली. हाड कुरकुरलं. जुनं कपाट भिंतीपासून ओढावं तसा आवाज झाला आणि बाईंनी दाढ धुऊन त्याच्या तळहातावर ठेवली.

ती गरम होती. वरच्या बाजूला, जिथं शेंगदाण्यानं कोपरा उडवला होता, तिथं पिवळा उजेड दिसत होता. आतून मोहरीच्या फोडणीचा वास आला. मग दार उघडलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यानं शलाकाला समोरून पाहिलं. ती जरा बारीक झाली होती.

"ये," ती म्हणाली. "मान थोडी वाकव, दार बुटकं आहे."

श्रीरंगनं उजवा हात पुढं केला. हात गेला. मनगट गेलं. आत ऊब होती, आणि एका भिंतीवर मऊ ओल, पण वाळायला लागलेली. तिनं त्याची बोटं धरली. त्यानं मान वाकवायला घेतली.

"एक मिनिट," आरवाडेबाई म्हणाल्या. "आधी कापूस ठेवू दे. आ करा."

त्यानं आ केला. बाईंनी कापसाचा बोळा उजवीकडं नेला, दाबला. बोळा परत आला. त्यांनी लहान केला आणि पुन्हा दाबला. पुन्हा परत आला. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"इथं कापसाला जागा नाही," त्या म्हणाल्या.

श्रीरंगनं डोळे फिरवून बघितलं. कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं. खुर्चीच्या पायरीवर आईच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या, टोकं त्याच्याकडं करून.

"येतोयस ना?" शलाकानं त्याची बोटं ओढली. "एकटाच आहेस ना?"

"डॉक्टरीणबाई," त्याच्या तोंडातून आईचा आवाज आला, "तो दिवा जरा खाली धरा."

आरवाडेबाईंनी दिवा खाली धरला.

श्रीरंगचा हात कोपरापर्यंत दाढेत होता, मान अर्धी वाकलेली होती आणि तोंड उघडं होतं. भूल उतरायला अजून वेळ होता, त्यामुळं दुखलं नाही. फक्त हाडातून आवाज आला. आतून, दारापाशी, कुणीतरी खिळा ठोकत होतं. ठोकलं, थांबलं, मागं सरून बघितलं असावं, आणि मग दुसरा खिळा ठोकायला घेतला.